आधी मिस्त्री, मग ॲम्प्लिफायर

जुन्या, उंची ॲम्प्लिफायरच्या शोधात निघालेल्या नांदेडकराला किंवा लातूरकराला गाव सोडावंच लागतं. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, हैदराबादचा जुमेरात बाजार गुरुवारी, आणि मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटला जुने रेडिओ-ग्रामोफोन शोधणारे लोक वर्षानुवर्षं फेऱ्या मारत आले आहेत. यांतलं हैदराबाद आपल्याला सगळ्यात सोयीचं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, यंत्राचा कुठेच न मिळणारा भाग, यांसाठी हैदराबादची गाडी धरण्याची सवय त्यानंतरही सुटली नाही. शिवाय त्या शहरातली असंख्य माणसं १९७० नंतर आखातात नोकरीला गेली आणि सुट्टीवर येताना जपानी डेक, रिसीव्हर, ॲम्प्लिफायर घेऊन आली. अशा वस्तूंच्या आयातीवर तेव्हा आपल्याकडे कडक निर्बंध होते. त्यामुळे उत्तम परदेशी यंत्रं आली ती बहुतेक प्रवाशांच्या सामानातूनच. आता त्या पिढीची घरं आवरली जातात, तेव्हा तीच यंत्रं बाजारात उतरतात.

ती पाहिल्यावर पाय थबकतो, यात नवल नाही. समोर घासून झळाळी दिलेल्या ॲल्युमिनियमची पट्टी, बोटाला वजन जाणवणारी धातूची बटणं, लाकडी पेटी, दिवा लागला की निळसर उजळणारी डायल. उचलायला गेलं तर दुसरा माणूस लागतो. या वजनामागे एक हिशेब आहे आणि घेणाऱ्याने तो समजून घ्यायला हवा.

१९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक नियम लागू केला. ॲम्प्लिफायरची ताकद जाहिरातीत सांगायची असेल तर ती दोन्ही चॅनेल एकाच वेळी, सलग चालवून मोजलेली असली पाहिजे, आणि तेवढ्या ताकदीला आवाज किती बिघडतो याचा, म्हणजे डिस्टॉर्शनचा आकडाही सोबत दिला पाहिजे. त्याआधी क्षणभर निघणारा वॅटचा आकडा छापून माल खपवला जाई. नियम आल्यावर मोठा आकडा छापायचा तर आत खरोखरच मोठा ट्रान्सफॉर्मर, मोठे कंडेन्सर आणि जाड हीटसिंक घालणं भाग पडलं. पायोनियरचा एसएक्स-१२५० हा १९७६ चा रिसीव्हर, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि रेडिओ एकाच पेटीत असलेलं यंत्र, दर चॅनेलला १६० वॅट द्यायचा. दोनच वर्षांनी आलेला एसएक्स-१९८० थेट २७० वॅटचा, आणि वजन ३५ किलोच्या घरात. त्याच सुमाराला मरँट्झचा २६०० बाजारात आला तो ३०० वॅट घेऊन.

ही चढाओढ फार काळ टिकली नाही. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन मिळत. १९७८ मध्ये तो भाव २०० च्या खाली गेला. जपानी माल अमेरिकेत महागला आणि कारखान्यांनी तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम यांत काटकसर सुरू केली. ऐंशीच्या दशकातल्या अनेक सेटमध्ये धातूच्या जागी प्लास्टिकची पट्टी आली, ट्रान्सफॉर्मर हलके झाले, सुट्या ट्रान्झिस्टरांच्या जागी सान्योचे एसटीके मोड्यूल बसले. बाजारात एकाच नावाचे दोन ॲम्प्लिफायर शेजारी ठेवलेले असतात, एक १९७७ चा आणि एक १९८७ चा, आणि त्यांच्या किमतीत मोठी तफावत असते, तिचं मूळ या दहा वर्षांत आहे.

आवाजाचं काय? जुन्या यंत्राचा आवाज ‘उबदार’ असतो, असं विकणारा सांगतो आणि घेणाराही आनंदाने मानतो. अमेरिकेतल्या ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात एक चाचणी छापली होती. कोणता ॲम्प्लिफायर चालू आहे हे ऐकणाऱ्यांना कळू न देता साधारण २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२ हजार डॉलरच्या व्हॉल्व्हवाल्या जोडीपर्यंतची यंत्रं त्यांना ऐकवली गेली. आवाजाची पातळी सारखी ठेवल्यावर श्रोत्यांना त्यांतला फरक खात्रीने ओळखता आला नाही. निरोगी ॲम्प्लिफायर आपला स्वतःचा रंग फारसा मिसळत नाही, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो. बाजारातल्या न दुरुस्त केलेल्या यंत्रातून येणारी ‘ऊब’ पुष्कळदा वाळलेल्या कंडेन्सरमुळे तीव्र स्वर दबल्याची खूण असते.

मग ओढ कशाची? माझ्या मते ती तीन गोष्टींची आहे आणि तिन्ही खऱ्या आहेत. पहिली, सोय. या यंत्रांत तबकडीसाठी वेगळी फोनो जोडणी असते, मंद्र आणि तीव्र स्वर कमीजास्त करायची बटणं असतात आणि ‘लाउडनेस’ नावाचं एक बटण असतं. कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं. हे बटण तेवढी भरपाई करतं. भिंतीला भिंत लागून असलेल्या आपल्या घरांत रात्री दहानंतर हळू आवाजात गाणं ऐकणाऱ्याला याची किंमत कळते. दुसरी, ताकदीचा साठा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमुळे तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा दबत नाही. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही यंत्रं दुरुस्त होतात. सुटे भाग डोळ्यांना दिसतात, डाग उपसून बदलता येतात, आणि बऱ्याच नामांकित मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअलं आजही मिळतात. आज घेतलेलं यंत्र पन्नास वर्षांनी उघडून कुणी नीट करू शकेल, असं किती वस्तूंबद्दल म्हणता येईल?

पण दुरुस्त होणं आणि दुरुस्त असणं यांत अंतर आहे. माझ्या घरात जे घडलं ते त्या अंतरात घडलं.

हैदराबादहून आणलेला सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातला तो एक जपानी ॲम्प्लिफायर होता. दुकानात दोन्ही बाजू स्वच्छ वाजल्या होत्या, पट्टीवर ओरखडा नव्हता, मागे व्होल्टेजचा खटका २२० वर होता. नांदेडला आल्यावर तो काही आठवडे सुरेख चालला. मग मे महिना आला. एका संध्याकाळी भीमसेन जोशींचे अभंग चालू असताना डाव्या स्पीकरमधून धप्प असा आवाज आला, वूफरचा पडदा बाहेर फेकला गेल्यासारखा पुढे जाऊन तिथेच अडकला, आणि जळक्या लाखेचा वास सुटला. बटण बंद करेपर्यंत स्पीकरची कॉइल जळून गेली होती.

मिस्त्रीने झाकण काढलं तेव्हा सगळं समजलं. अशा ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या वाटेवर एक रिले असतो. बटण दाबल्यावर तो चार-पाच सेकंद थांबतो, आतली वीज स्थिर झाली आहे आणि बाहेर जाणाऱ्या तारेत एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी नाही, याची खात्री झाली की ‘टक्’ असा आवाज करून जोडणी देतो. डीसी आला की तो तत्काळ तुटतो. आमच्या यंत्रात कुणीतरी कधीतरी त्या रिलेच्या दोन टोकांना तार डागून ठेवली होती. का, तेही उघड होतं. जुना ट्रान्झिस्टर दगा देऊ लागल्यावर रिले जोडणी देईना. बिघाड शोधण्याऐवजी पहारेकऱ्यालाच बाजूला केलं गेलं. मेच्या उकाड्यात ट्रान्झिस्टर पुरता बसला आणि चाळीसेक व्होल्टचा डीसी सरळ आठ ओहमच्या स्पीकरमध्ये गेला. हिशेब केला तर दोनशे वॅट, तेही गाण्यासारखे चढउतार न घेता सलग. कोणतीही घरगुती कॉइल ते फार सेकंद सोसत नाही.

दुकानदाराला ती तार ठाऊक होती की नाही, मला माहीत नाही. पन्नास वर्षांत असं यंत्र चार-सहा हातांतून जातं, आणि प्रत्येक हाताने आपापली मलमपट्टी करून ठेवलेली असते. पुढचं सगळं सांगणं यावरच उभं आहे.

नव्या माणसाने ॲम्प्लिफायर शोधायच्या आधी मिस्त्री शोधावा. लातूरला गंजगोलाईच्या परिसरात काय किंवा नांदेडला वजिराबादेत काय, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या बहुतेक दुकानांत आता मोबाईलचे पडदे बदलले जातात. हे कसब आज जिवंत आहे ते साउंड सर्व्हिसवाल्यांच्या आसपास. सप्ताह, उरूस, लोहा तालुक्यातली माळेगावची यात्रा, लग्नसराई, यांना लागणारे ॲम्प्लिफायर सतत बिघडतात आणि त्यांना नीट करणारी माणसं जिल्ह्याच्या गावी असतात. त्यांचा हात तयार असतो, पण सवय वेगळी असते. रात्रीचा कार्यक्रम उभा असताना यंत्र चालू करून देणं हे त्यांचं रोजचं काम, आणि रिलेला तार मारण्यासारखे उपाय अशाच घाईत जन्माला येतात. त्यामुळे मिस्त्रीला यंत्र दाखवण्याआधी एवढं विचारून घ्यावं: घाई नाही, महिना लागला तरी चालेल, मॅन्युअल मी आणून देतो, बायस मोजून लावून द्याल का? बायस म्हणजे गाणं चालू नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहत ठेवलेला थोडा प्रवाह. तो कमी पडला तर हळू आवाजात स्वर करकरीत होतो, जास्त झाला तर ट्रान्झिस्टर तापून मरतो. हा प्रश्न ऐकून ज्याचा चेहरा खुलतो तो आपला मिस्त्री.

आता बाजारात काय पाहायचं ते. सोबत एक साधा डिजिटल मीटर, पेचकस आणि टॉर्च असावी. मागची पट्टी सगळ्यात आधी वाचावी. जपानच्या देशी बाजारासाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेसाठीचं १२० चं. निर्यातीच्या अनेक मॉडेलांत ११०, १२०, २२०, २४० असा खटका असतो आणि आपल्याला तेच हवं. तिथे नुसतं ‘६० हर्ट्झ’ लिहिलेलं असेल तर आणखी सावध व्हावं. आपली वीज ५० हर्ट्झची. ६० साठी बेतलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो आणि गुणगुणतो. जपानमध्ये टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६० हर्ट्झ असल्यामुळे तिथल्या बहुतेक यंत्रांवर ‘५०/६०’ लिहिलेलं सापडतं. १०० किंवा १२० व्होल्टचं यंत्र घ्यायचंच असेल तर त्याच्या ताकदीच्या दुप्पट वॅटचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर किमतीत धरूनच घासाघीस करावी. आणि त्याच्या दोरीला वेगळ्या आकाराचा प्लग लावून घ्यावा, म्हणजे घरातलं कुणी तो चुकून सरळ भिंतीत खोचणार नाही.

मग स्क्रू पाहावेत. खाचा झिजलेल्या असतील तर झाकण अनेकदा उघडलं गेलं आहे. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर ते यंत्र तिथेच ठेवावं. बटण दाबून रिलेचा ‘टक्’ आवाज ऐकावा. ज्या मॉडेलमध्ये तो असायला हवा तिथे तो आला नाही आणि आवाज मात्र लगेच सुरू झाला, तर आमच्यासारखी तार आत असण्याचा दाट संशय धरावा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या काही यंत्रांत मुळातच रिले नसतो, म्हणून मॉडेलचा नंबर घेऊन आधी चौकशी केलेली बरी. यानंतर स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या दोन टोकांमध्ये मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावावा. आकडा ५० च्या आत असेल तर समाधान मानावं. शंभराच्या पुढे गेला तर किंमत पाडण्याचं कारण मिळालं, आणि पूर्ण व्होल्टात गेला तर त्याला स्पीकर लावूच नये.

बटणं फिरवताना येणारी खरखर घाबरण्यासारखी नसते; चांगल्या कॉन्टॅक्ट क्लीनरने ती बहुधा जाते. गंज सोडवायचं तेल मात्र तिथे मारू नये, ते आतल्या कार्बनच्या पट्टीवर चिकट थर सोडतं आणि धूळ धरून ठेवतं.

नावाला भुलण्याचा धोका आपल्या भागात वेगळ्या रीतीने येतो. सान्सुई ही १९४७ साली ट्रान्सफॉर्मर बनवण्यापासून सुरू झालेली जपानी कंपनी. १९६५ चा तिचा एयू-१११ आणि १९७७ चा एयू-७१७ यांची ख्याती आजही आहे. पण मराठवाड्यातल्या घराघरांत ‘सान्सुई’ हे नाव ओळखीचं झालं ते टीव्हीमुळे, आणि ते टीव्ही विकत होती औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेली धूत कुटुंबाची व्हिडिओकॉन, नाव वापरण्याच्या करारावर. तो टीव्ही आणि तो ॲम्प्लिफायर यांचा नावापलीकडे संबंध नाही. मरँट्झचंही तसंच. सॉल मरँट्झने न्यूयॉर्कमध्ये उभी केलेली कंपनी १९६४ मध्ये सुपरस्कोप या कंपनीने घेतली, पुढे यंत्रं जपानात बनू लागली, १९८० मध्ये अमेरिकेबाहेरचा मरँट्झ फिलिप्सकडे गेला. १९४९ साली सुरू झालेली आणि निळ्या मीटरांसाठी ओळखली जाणारी मॅकिन्टॉश २०२४ मध्ये बोस कंपनीच्या ताब्यात गेली. यातली प्रत्येक पिढी वाईट आहे असं मुळीच नाही. पण किंमत मॉडेल आणि साल पाहून ठरवायची असते.

जुन्या ‘व्हिंटेज’ मालाच्या नावाखाली आणखी एक गोष्ट गळ्यात पडते: सभेचा ॲम्प्लिफायर. आपल्या देशात मोठा आवाज पहिल्यांदा पोहोचला तो सभांमधून. सिंधमधून मुंबईत आलेल्या मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओने स्वातंत्र्यलढ्यातल्या काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानक मोटवाने आरोपी होते आणि पुढे निर्दोष सुटले. मोटवान्यांचा कारखाना पुढे नाशिक रोडला झाला. दिल्लीच्या आहुजांचे ॲम्प्लिफायर तर खेड्यापाड्यांतल्या मंदिरांत आणि मंडपवाल्यांकडे आजही चालतात. ही यंत्रं इतिहासाच्या दृष्टीने जपावीत अशी आहेत, आणि जुनी व्हॉल्व्हवाली तर हमखास. मात्र त्यांची घडण माणसाचं बोलणं दूरवर पोहोचवण्यासाठी आहे. मागे १०० व्होल्ट लाइनची जोडणी असते, ती लांबच्या तारेवर अनेक भोंगे चालवण्यासाठी. त्या टोकाला घरातला आठ ओहमचा स्पीकर जोडला तर यंत्र आणि स्पीकर दोन्ही धोक्यात येतात. जोडायचाच तर ८ ओहमच्या टोकाला, आणि दोन चॅनेलचा स्टीरिओ त्यातून मिळणार नाही हे समजून.

यंत्र घरी आलं की ते भिंतीत थेट खोचू नये. आधी सिरीज बोर्ड. १०० वॅटचा जुना, तार असलेला बल्ब मधे घालून वीज द्यायची. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बमुळे ट्रान्सफॉर्मर वाचला. वर्षानुवर्षं पडून असलेल्या यंत्राला व्हेरिॲकने व्होल्टेज हळूहळू चढवत नेलं तर कंडेन्सरांना पुन्हा सावरायला अवधी मिळतो.

कंडेन्सरांचं गणित प्रत्येकाने एकदा मांडून पाहावं. ८५ अंशांला दोन हजार तास, अशा खात्रीचा कंडेन्सर धरा. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. पेटीच्या आत ४५ अंश असेल तर बत्तीस हजार तास, म्हणजे रोज चार तास वाजवलं तर बावीस वर्षं. आत ५५ झालं की हे आयुष्य अर्ध्यावर येतं. नांदेडला मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असतात, तेव्हा बंद शोकेसमध्ये कोंबलेला ॲम्प्लिफायर आतून कुठे जात असेल याचा अंदाज यावरून करता येतो. त्याच्या वर आणि मागे हातभर मोकळी जागा ठेवावी. वर दुसरं यंत्र, फुलदाणी, क्रोशाचं झाकण काहीही ठेवू नये.

पन्नास वर्षांचे कंडेन्सर बदलायचे, हे ठरलेलंच. वाद आहे तो सगळे एकदम बदलण्याबद्दल. पॉवर सप्लायमधले, रिलेच्या पहाऱ्यातले आणि स्वराच्या वाटेवरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आधी बदलावेत, मोजावं, ऐकावं, मग पुढे जावं. एका दिवशी साठ डाग उपसले आणि यंत्र बंद पडलं, तर कोणत्या डागाने ते बंद पडलं हे शोधण्यात आठवडा जातो. सत्तरच्या दशकातल्या काही जपानी यंत्रांत मोठे कंडेन्सर पक्के बसावेत म्हणून लावलेला पिवळट गोंद काळाच्या ओघात तपकिरी, कडक आणि वीजवाहक होतो, शेजारच्या भागांचे पाय खातो. तो खरवडून काढणं कंडेन्सर बदलण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

भाग कुठून घ्यायचे? हैदराबादच्या कोठीतली गुजराती गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे बरंच काही मिळतं. त्याचबरोबर बनावट मालही मिळतो, आणि तो ओळखणं कठीण असतं. तोशिबाच्या २एससी५२०० आणि २एसए१९४३ या पॉवर ट्रान्झिस्टरांच्या जोडीची नक्कल जगभर पसरली आहे. वरचं छपाईकाम हुबेहूब असतं, आतला चिपचा तुकडा मात्र अस्सलापेक्षा लहान असतो. हळू आवाजात सगळं ठीक वाटतं आणि पहिल्या जोरदार गाण्याला तो फुटतो. एसटीके मोड्यूलचीही तीच कथा. अधिकृत वितरकाकडून मागवलेला भाग महाग पडतो, पण एक नकली ट्रान्झिस्टर सोबत आणखी चार अस्सल भागांना घेऊन जातो, हे लक्षात घेतलं तर तो महाग राहत नाही.

काही यंत्रं कितीही सुंदर असली तरी पहिल्यांदा घेणाऱ्याने घेऊ नयेत. सोनीने आणि यामाहाने सत्तरच्या दशकात व्ही-एफईटी नावाचे खास ट्रान्झिस्टर घालून काही ॲम्प्लिफायर बनवले, यामाहाचा बी-१ त्यांतला नावाजलेला. ते ट्रान्झिस्टर आता कुणी बनवत नाही. गेले की यंत्र शोभेचं होतं. व्हॉल्व्हवाल्या यंत्रांबद्दलही माझं हेच मत आहे, जवळ जाणता मिस्त्री नसेल तर. १९५३ चा इंग्लंडचा क्वाड २ काय किंवा एखादा जुना देशी ॲम्प्लिफायर काय, आत तीनशे-चारशे व्होल्टचा साठा असतो आणि दोरी काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. तिथे हात घालणं जिवावर बेतू शकतं. दुसरं म्हणजे व्हॉल्व्हचं यंत्र स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. मघाशी स्पीकर काढून मोजायला सांगितलं ते फक्त ट्रान्झिस्टरच्या यंत्रासाठी. व्हॉल्व्हच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने फिलिप्सच्या सहकार्याने बनवलेले ईएल८४सारखे व्हॉल्व्ह अजूनही जुन्या साठ्यांतून निघतात आणि उत्तम चालतात.

पहिलं यंत्र म्हणून माझी शिफारस लहान यंत्राची राहील. १९७८ चा एनएडी ३०२० फक्त २० वॅटचा होता आणि जगभर गाजला. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीला तेवढं पुरून उरतं. लहान यंत्रात ट्रान्झिस्टर कमी, उष्णता कमी, आणि काही चुकलंच तर नुकसानही कमी.

शेवटी आपल्या विजेबद्दल. २३० व्होल्टवर सहा टक्के कमीजास्त, म्हणजे २१६ ते २४४, ही नियमाची मर्यादा. प्रत्यक्षात शेताकडच्या किंवा शहराच्या कडेच्या वस्तीत मध्यरात्री, पंप आणि कूलर बंद झाल्यावर, मीटर २५० च्या पुढे गेलेला दिसू शकतो. म्हणून आपल्या घरातलं व्होल्टेज दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजून लिहून ठेवावं. मागे २४० चा खटका असेल तर २२० ऐवजी तोच वापरावा. ताकद किंचित कमी होते, ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर मात्र निवांत राहतात. गेलेली वीज परत येते तो क्षण सगळ्यात वाईट, तेव्हा वीज गेली की यंत्राचं बटण बंद करण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावावी. वळवाचा पाऊस गरजू लागला की प्लग उपसून ठेवावा, आणि डिश किंवा रेडिओची अँटेनाही काढावी. अर्थिंग खरोखर आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावं, दोन पिनांच्या जोडणीवर गुणगुण राहू शकते. तानपुरा लावून ऐकलं की ती लगेच पकडता येते: स्वराच्या खाली एक सपाट, न हलणारी घरघर. आणि झाकणाच्या झरोक्यांना आतून बारीक जाळी बसवून घ्यावी. उबेला आलेल्या पालीमुळे शॉर्ट झालेली यंत्रं कोणताही मिस्त्री दाखवू शकेल.

आमचा ॲम्प्लिफायर दुरुस्त झाला. रिले नवा बसला, दोन्ही बाजूंचे ट्रान्झिस्टर जोडीने बदलले, स्पीकरच्या टोकांवरचा डीसी आता दोन्ही चॅनेलला १५ मिलिव्होल्टच्या आत आहे. मिस्त्रीने झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. त्यावर तारीख, कोणते भाग बदलले त्यांची यादी, बायसचा आकडा आणि खटका २४० वर ठेवल्याची नोंद आहे. पुढे यंत्र कुणाला विकलं किंवा दिलं तरी तो कागद काढायचा नाही, असं आमचं ठरलं आहे. जुनं यंत्र घेणाऱ्या आणि विकणाऱ्या प्रत्येकाने असा कागद मागावा आणि लावावा. त्यावर मिस्त्रीचा फोन नंबरही लिहिलेला असला तर पुढच्या माणसाचे दोन आठवडे वाचतील.